कोणी पाठवलं?

सकाळी 7

डिचोलीहून अस्नोड्याच्या बाजूला निघालं की शिरगाव लागतं. देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी विजेच्या खांबाला मोहिमेचा फलक अजून बांधलेला आहे. मन मोकळं करा, मदत मागा, असं सांगणारा मजकूर आणि खाली टेली-मानसचा 14416 हा क्रमांक. पावसाने एक कोपरा सुटलाय, पण क्रमांक वाचता येतो. 10 ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाला धरून इथे आठवडाभर मोहीम झाली. फेरी निघाली, शाळेत व्याख्यान झालं, पथनाट्य झालं, घराघरांत पत्रकं गेली, मोबाइलवर व्हिडिओ फिरले. आयोजकांनी मनापासून काम केलं, हे मी पाहिलंय. त्यांच्या अहवालात किती पत्रकं वाटली, किती माणसं जमली आणि कुठे फोटो काढले, ते सगळं आहे.

माझं काम त्यानंतर सुरू होतं. या सगळ्याने गावात काही हललं का, आणि हललं असेल तर कुठे, हे मोजायचं. पत्रकांची संख्या मोहिमेने किती श्रम घेतले ते सांगते. घरात कोपऱ्यात बसलेल्या माणसापर्यंत काय पोचलं, ते त्या संख्येतून कळत नाही.

माझ्याबरोबर डिचोलीच्या दोन मुली आहेत. पोदेराची सायकल पोंपों करत आमच्या बाजूने गेली. एकीने त्याच्याकडून उंडे घेतले आणि हॉटेलात पातळभाजीबरोबर खाता खाता आम्ही यादी वाचली. आजची घरं कालच चिठ्ठ्या काढून ठरली आहेत. ज्या घराचं दार उघडं दिसेल तिथे जायचं, असं इथे चालत नाही. उघड्या दाराची माणसं बोलकी असतात आणि बोलक्या माणसांना मोहीमही आधी भेटलेली असते. बंद दाराची घरं यादीतून गळली की उत्तर आपोआप गोड होतं.

हेच प्रश्न आम्ही मोहिमेच्या आधी, सप्टेंबरात विचारून ठेवले आहेत. पेडणे तालुक्यातल्या एका गावातही विचारलेत. तिथे मोहीम झाली नाही. दोन्ही गावांत तीच वर्तमानपत्रं येतात, टीव्ही तोच दिसतो आणि चतुर्थीही एकाच वेळी येते. पेडण्यातही तितकाच फरक पडलेला दिसला, तर तो फरक आपल्या फेरीने केला असं म्हणायला तोंड राहणार नाही.

सकाळी 8.30

पहिल्या घरात पाच माणसं. त्यांतलं कोण बोलणार, हे आमच्या किंवा त्यांच्या मर्जीवर नसतं. ज्याचा वाढदिवस सगळ्यात लवकर येणार आहे, त्याला विचारायचं. नाहीतर प्रत्येक घरातला कर्ता पुरुष पुढे होऊन बसतो आणि सुनांचं, म्हाताऱ्यांचं म्हणणं कागदावर येतच नाही.

आजीला वाढदिवस ठाऊक नव्हता. “शिगम्याच्या दिसांनी जल्मलें मरे,” एवढंच. मग सुनेचा जवळचा निघाला. मी वाचत होते ते मराठीत, तिने उत्तरं दिली कोंकणीत. या तालुक्यात हे रोजचंच आहे. वाचायला मराठी, बोलायला कोंकणी. म्हणून प्रश्नावली छापायच्या आधी प्रत्येक प्रश्न तोंडाने बोलून बघितला होता. ‘नैराश्य’ हा शब्द कागदावर आहे, पण प्रश्न त्याच्यावर टेकवलेला नाही. प्रश्न आहे तो झोपेचा, भुकेचा, कामात लक्ष न लागण्याचा.

मानसिक आजार उपचाराने बरा होऊ शकतो का? होतो. असा माणूस धोकादायक असतो का? नसतो. कुठे जायचं माहीत आहे का? आहे. ती एकामागून एक बरोबर उत्तरं देत गेली. सप्टेंबरात या वाड्यावर असं नव्हतं. आनंद व्हावा अशी गोष्ट आहे, आणि तिला कमी लेखायचं माझ्या मनात नाही. पण पथनाट्यात नेमकी हीच वाक्यं होती. पाहुण्यासमोर बरोबर उत्तर द्यावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि टॅब घेऊन आलेली बाई म्हणजे परीक्षा घ्यायला आलेली बाई. मत बदललं की उत्तर पाठ झालं, हे अशा प्रश्नांतून कळत नाही.

म्हणून पुढे गोष्ट सांगायची. एक माणूस आहे, चाळिशीचा. महिनाभर झोप नाही, शेतात जात नाही, मुलांशी बोलत नाही, कधी कधी म्हणतो की माझा उपयोग काय. तुमच्या शेजारी असा कोणी असेल तर तुम्ही काय कराल? इथे पर्याय वाचून दाखवायचे नाहीत. ती काय म्हणते ते तसंच लिहायचं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याच्या आवयेला सांगीन.” मी तेच लिहिलं. आईला सांगेन, हे फलकावर कुठेच नव्हतं, पण गावात मदतीची वाट बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

सकाळी 10

भातकापणीचे दिवस. खळ्यात ताडपत्रीवर भात वाळत टाकलेलं होतं आणि एक वयनी पायाने ते परतत होती. पाऊल न उचलता सरकवायचं, म्हणजे दाण्यांत सरळ चर पडतात आणि खालची ओल वर येते. ती म्हणाली, “तू विचार गो बाय, माझे पाय चालू राहतील.”

इंग्लंडमध्ये 2007 साली ‘टाइम टू चेंज’ नावाची मोठी मोहीम सुरू झाली आणि 2021 पर्यंत चालली. तिचा परिणाम मोजताना वागण्याविषयी चार साधे प्रश्न विचारायचे: मानसिक आजार असलेल्या माणसाबरोबर तुम्ही एका घरात राहाल का, त्याच्याबरोबर काम कराल का, तो शेजारी चालेल का, मैत्री टिकवाल का. मला ते प्रश्न आवडतात, कारण ते मत विचारत नाहीत, वागणं विचारतात. आम्ही ते घेतले आणि आपल्या गावांसाठी पाचवा जोडला.

“शेजारी असा माणूस राहायला आला तर?”

“राहू दे. आमचं काय जातं?”

“कामाला बरोबर असला तर?”

“चालेल.”

“मैत्री?”

“असलेली मैत्री कोण तोडतो?”

“आणि तुमच्याच घरात?”

“आपला माणूस असला तर सांभाळणारच. टाकून थोडाच देणार?”

“तुमच्या मुलीला अशा घरातलं स्थळ आलं, तर?”

पाय थांबले. चर अर्ध्यावर राहिला. “तें बरोवं नाका,” ती म्हणाली. ते लिहू नकोस.

मी लिहिलं नाही. त्या उत्तरासाठी आमच्याकडे वेगळी खूण आहे: उत्तर द्यायचं नाही. ती ‘नाही’मध्ये मिसळायची नसते आणि गाळायचीही नसते. या एका प्रश्नावर ती खूण किती वेळा येते, यावरून गावाची खरी स्थिती मला इतर चार प्रश्नांपेक्षा जास्त कळते.

मग तिने आपणहून सांगितलं. नणंदेला लग्नाआधी बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात नेलं होतं. औषधं चालू झाली, बरी झाली, लग्न झालं. सासरी कुणाला ठाऊक नाही. गोळ्या माहेरी ठेवलेल्या असतात, ती येते तेव्हा नेते, आणि यायला उशीर झाला की खंड पडतो. तिने मला विचारलं, “औषध चालू असताना मूल झालेलं चालतं का?” मी सांगितलं की याचं उत्तर औषधावर अवलंबून असतं, आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, आणि त्यासाठी बांबोळीपर्यंतच जायला हवं असं नाही. तिने पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली.

आठवडाभराच्या मोहिमेत ‘बोला, बोला’ असं सगळ्यांनी सांगितलं. बोलल्यावर सोयरीक मोडेल, ही भीती कुणी हातात घेतली नाही. बाई मुकी नाही. बोलण्याची किंमत तिला मोहिमेपेक्षा नीट ठाऊक आहे. मोजमापाने एवढी एक गोष्ट जरी पुढच्या मोहिमेच्या माणसांसमोर ठेवली, तरी मी फिरले त्याचं सार्थक आहे.

सकाळी 11.45

खाणीच्या बाजूचा वाडा. शिरगावच्या पोटातून लोहखनिज निघालं, झरी आटल्या, शेतात गाळ आला, आणि त्याच खाणींवर घरंही चालली. 2012 साली खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद झाल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसांची ती वर्षं कशी गेली, हे डिचोली, सत्तरी, सांग्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आता डिचोलीच्या पट्ट्यात खनिजाची वाहतूक पुन्हा दिसू लागली आहे, पण उभा राहून गंजलेला ट्रक सगळ्यांनाच पुन्हा रस्त्यावर आणता आला नाही.

चिठ्ठीत निघालेलं घर अशाच एका ट्रकवाल्याचं. मोहिमेचा फलक पाहिला? पाहिला. पथनाट्य? नाही. पत्रक? “घरात कुठेतरी असेल.” मग गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न. जगभर वापरतात ती ही प्रश्नावली, पीएचक्यू-9. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. झोपेला त्याने ‘रोज’ म्हटलं. थकव्याला ‘रोज’. नववा प्रश्न, आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येतो का. तो अंगणाकडे बघत म्हणाला, “काही दिवस.”

इथे टॅब बंद करायचा असतो. सर्वेक्षण तिथेच संपतं. मी बाहेर उभ्या मुलीला पुढच्या घरी पाठवलं आणि त्याला सरळ विचारलं: आज तसा विचार आहे का, काही ठरवलंय का, घरात कुणाला सांगितलंय का. आज नव्हता. सांगितलं कुणालाच नव्हतं. त्याची परवानगी घेऊन मी समुपदेशकाला फोन लावला, त्यांचं बोलणं करून दिलं, आणि बायको पाणी भरून येईपर्यंत बसले. तिच्याशी बोलायला त्याने हो म्हटलं. उद्या सकाळी दोघं आरोग्य केंद्रात जातील. कीटकनाशकाची बाटली घरात ठेवू नका, हे मी तिला वेगळं सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही.

या माणसाचं पुढचं पाऊल मोहिमेच्या खात्यावर घालता येणार नाही. फलक त्याने इतके दिवस पाहिला आणि तो घरातच राहिला. उद्या तो गेला, तर सर्वेक्षणाची बाई घरी आली म्हणून जाईल. त्याच्या नोंदीला वेगळी खूण केली, म्हणजे महिन्याने आकडे जुळवताना तो बाजूला राहील. पण मला त्यातून दुसरंही दिसतं. घरी येऊन, बसून, नावाने विचारणारं माणूस ही स्वतःच एक मोहीम आहे, आणि ती महाग असली तरी तिचा परिणाम फलकाशी ताडून बघितला पाहिजे.

शिकवलेलं माणूस समोर बसून बोललं की काय होतं, ते गोव्यात पूर्वी बघितलंही गेलंय. ‘संगत’ या इथल्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ नसलेली, पण शिकवून तयार केलेली साधी माणसं समुपदेशक म्हणून बसवली. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. गोव्यातल्या 10 आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याची 495 माणसं घेतली होती. ज्यांना अशा समुपदेशकाची सहा ते आठ सत्रं मिळाली, त्यांतली 64 टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आली होती. थोडी सुधारलेली नेहमीची सेवाच मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. म्हणजे दाराच्या आत गेल्यावर काय करायचं, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही इथेच, आपल्याच माणसांच्या हातून सिद्ध झालेलं. माणूस दारापर्यंत येत कसा नाही, तेवढं उरलंय.

दुपारी 1.15

देवळाजवळच्या झाडाखाली डबे उघडले. दोन्ही मुली गप्प होत्या. ट्रकवाल्याचं घर त्यांनाही जड गेलं होतं. अशा वेळी कामाविषयीच बोलावं, म्हणून मी त्यांना अमरावतीचं सांगितलं.

विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातलीच कार्यकर्ती माणसं घेतली, लहान लहान बैठका घेतल्या, बोलायची सोय केली, आणि बोललेल्याला पुढे न्यायची साखळी बांधली. तिथे त्यांनी मुख्य म्हणून मोजलं काय, तर मत नव्हे. नैराश्य असलेल्या माणसांपैकी किती जणांनी कुणाकडे तरी मदत घेतली, ते. सुरुवातीला 100 मध्ये जेमतेम 4, नेमकं सांगायचं तर 4.3 टक्के. दीड वर्षाने 27.2 टक्के. सहापट. या एका आकड्यासाठी मी तो अभ्यास पुन्हा पुन्हा वाचलाय. शेजारी तुलनेचं गाव त्यांनी ठेवलं नव्हतं, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाचं का, ही शंका विचारता येते. पण काय मोजायचं हे त्यांनी बरोबर धरलं.

मुलीने विचारलं, “मग आत्महत्या कमी झाल्या का, हेच का मोजत नाही आपण?” प्रश्न रास्त आहे, शेवटी सगळ्यांना तेच हवंय. पण शिरगावासारख्या गावात तो आकडा, देव करो, इतका लहान असतो की एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी शून्य झालं तर त्यातून काहीच कळत नाही. जर्मनीत न्युरेनबर्ग शहरात 2001 आणि 2002 अशी दोन वर्षं नैराश्याविरुद्ध मोहीम झाली. डॉक्टरांचं प्रशिक्षण, फलक, धर्मगुरूंपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना जोडून घेणं, बचतगटांसारखे रुग्णांचे गट. आत्महत्या आणि तिचे प्रयत्न मिळून 24 टक्क्यांनी घटले, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या वुर्झबुर्गमध्ये तशी घट दिसली नाही. पण न्युरेनबर्ग पाच लाखांचं शहर. तिथेही नुसत्या आत्महत्या धरून भागलं नाही, प्रयत्नही मोजावे लागले. आणि तिथे फलक एकटा नव्हता, त्याच्यामागे तयार झालेला डॉक्टर होता.

ब्रिटनमध्ये 1992 ते 1996 अशी पाच वर्षं नैराश्यावर देशभर मोहीम झाली, आणि लोकांची मतं 5 ते 10 टक्क्यांनी सुधारली. पाच वर्षांत तेवढंच. हे मी मुलींना मुद्दाम सांगते, कारण आठवड्याच्या मोहिमेनंतर 60 टक्के बदल दिसला तर आधी आपल्या प्रश्नांवर शंका घ्यायची.

दुपारी 2.45

तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात पोचले. कोणत्या, ते सांगत नाही. जे दिसलं ते बहुतेक केंद्रांत दिसेल.

ओपीडीचं रजिस्टर जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. रकाने हाताने आखलेले: क्रमांक, तारीख, नाव, वय, गाव, तक्रार, औषध. मी नावावर कागदाची पट्टी ठेवून वाचते, नाव मला नको असतं. बोट गावाच्या रकान्यावरून खाली येतं. शिरगाव. मये. मुळगाव. पुन्हा शिरगाव. तक्रारीच्या रकान्यात ‘मन’ असं क्वचितच असतं. ‘छातीत धडधड’, ‘झोप नाही’, ‘अंग दुखतं’, ‘डोकं जड’. एकाच माणसाचं ‘डोकं जड’ तीन वेळा आलं की परिचारिका त्याच्यापुढे पेन्सिलने बारीक टिंब देते. ते टिंब कुठल्याच नियमात नाही. तिचं स्वतःचं आहे. एवढ्या वर्षांच्या अनुभवाने तिला कळतं की याला डोक्याच्या गोळीपलीकडे काहीतरी हवंय.

गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात शिरगावची माणसं जास्त आहेत. मोहिमेचे लोक हे ऐकून लगेच खूश होतील. पण गेल्या महिन्यात पाऊस होता, त्याआधी चतुर्थी होती, आणि चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात कुणी आजारी पडायलाही मोकळा नसतो. म्हणून मी गेल्या वर्षीचा ऑक्टोबर मागते. मग विचारते, या महिन्यात औषधं आली का, डॉक्टर बदलले का. कुठल्याही एका कारणाने रांग वाढते.

रजिस्टरात नाही ते एकच: हा माणूस आला कसा? कोणी पाठवलं? मोहिमेवर पैसे खर्च करणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं, आणि ते विचारण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे ही खिडकी. मी परिचारिकेला म्हटलं, एक रकाना वाढवता येईल का? ती म्हणाली, “सकाळी साठ माणसं उभी असतात गो. एकेकाला विचारत बसू?” तिचं बरोबर आहे. मग ठरलं की ज्याच्यापुढे तिचं टिंब पडेल, त्यालाच विचारायचं. वेगळी चिठ्ठी, खुणा करायच्या. फलक, पथनाट्य, शाळा, मोबाइल, शेजारी, नातेवाईक, आरोग्य सेविका, स्वतःहून.

ती चिठ्ठी वाचून तिने माझ्याकडे बघितलं. “आणि घाडी?” म्हणजे देवाच्या नावाने उपाय सांगणारा. मी पेन थांबवलं. “घाडी हल्ली पाठवतात. देवाचं मी बघतो, तुझं झोपेचं डॉक्टराला दाखव म्हणून. कौल घेतल्यावर येणारेही आहेत.” मी ‘घाडी, देवस्थान’ असं लिहिलं. आमच्या प्रश्नावलीत हा पर्याय ‘अंधश्रद्धा’ या बाजूला टाकलेला होता, उपचार टाळणाऱ्यांत. उद्यापासून तो बदलणार. घाड्याकडे गेलेला माणूस उपचाराकडे पाठ फिरवूनच गेला, असं धरून चाललो तर हाताशी असलेला सगळ्यात जुना दुवा आपण मोजणीतूनच पुसून टाकतो.

दुपारी 4.30

परत शिरगावात. लईराई देवीचं देऊळ या वेळी शांत असतं. वैशाख शुद्ध पंचमीला इथे उभं राहायला जागा नसते. व्रत धरलेले धोंड हातात वेतकाठी घेऊन, मोगरीच्या कळ्यांच्या माळा घालून येतात आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. 2025 च्या जत्रेत, 3 मेच्या पहाटे, चेंगराचेंगरी झाली. भाविकांचे जीव गेले, कितीतरी जखमी झाले. त्या रात्रीचं या गावात कुणी सहज बोलत नाही.

शेजारच्या गावचा एक धोंड भेटायला आला होता. यादीतला नव्हता, स्वतःहून आला. म्हणाला, गर्दी दिसली की घाम फुटतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणं सोडलंय, रात्री दचकून उठतो. “आता मी डॉक्टरकडे जातो,” हेही सांगितलं. कोणामुळे? मी हा प्रश्न आज दिवसभर विचारत होते. तो म्हणाला, त्याच्या गटातला दुसरा धोंड आधी गेला होता. व्रताच्या दिवसांत एकत्र राहतात, एकत्र जेवतात. त्याने सांगितलं, मलाही तसंच होत होतं, मी जाऊन आलो, झोप लागते. एवढंच. “फलक मीही बघितला होता. पण त्यावरचं माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं.”

जगभरच्या अभ्यासांतही हेच सापडलंय की कलंक कमी करायला सगळ्यात उपयोगी पडते ती त्यातून गेलेल्या माणसाची समोरासमोर भेट. मला ते वाचून ठाऊक होतं. इथे देवळाच्या कट्ट्यावर बसून एका धोंडाच्या तोंडून ऐकताना ते अंगावर आलं. आता मला हे मोजायचंय: धोंडांचे गट, स्वयंसाहाय्य गट, भजनी मंडळं, फुटबॉलची पोरं, यांतल्या एकाने उघड बोलल्यावर त्या गटातून पुढच्या सहा महिन्यांत आणखी किती जण आले. फलकाच्या खर्चात असे दोन बोलके सोबती तयार करता येतील का, हा प्रश्न मी अहवालात पहिल्या पानावर टाकणार आहे.

संध्याकाळी 6.30

मुलींनी घेतलेल्या मुलाखतींतल्या काही निवडून मी त्या घरांना फोन केले आणि तीन-चार प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरं जुळली. एका ठिकाणी नवरा म्हणाला, “ती बोलली? कायच्या काय.” मी विषय बदलला आणि फोन ठेवला. तिच्या नोंदीत घराच्या फोनवर पुन्हा संपर्क नको, अशी खूण केली.

आयोजकांपैकी एकांचा निरोप आला होता: वर्तमानपत्राला द्यायला एखादा आकडा मिळेल का? त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांना पुढच्या वर्षी पैसे उभे करायचे आहेत, हेही मला कळतं. मी लिहिलं, आज देता येणार नाही. पेडण्याच्या गावाची पाहणी झाल्यावर आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा विचारल्यावर देते. मोहिमेनंतरच्या आठवड्यात सगळ्यांनाच सगळं आठवतं. 14416 हा क्रमांक सहा महिन्यांनी कुणाला न बघता सांगता आला, तर तो पोचला.

देशाच्या पातळीवरचे आकडेही असेच जपून वापरावे लागतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं दिसलं. हा आकडा प्रत्येक भाषणात येतो. पण ते सर्वेक्षण 12 राज्यांत झालं आणि त्यांत गोवाही नव्हता, महाराष्ट्रही नव्हता. आपल्या गावांचं आपल्यालाच मोजावं लागणार.

रात्री 8.15

परिचारिकेचा फोन. केंद्र बंद करताना तिने चिठ्ठी आजच वापरून बघितली होती. शेवटी आलेल्या बाईला विचारलं, कोणी पाठवलं? बाई म्हणाली, नंबर फलकावर बघितला होता, पण लावला नाही. मग शाळेतून मुलगा सांगत आला. मग जावेने बसमध्ये घालून आणलं. “मग मी खूण कुठे करू? तिन्हींकडे?”

मी विचार केला. तिन्हींकडे केली तर फलकाला जावेइतकंच श्रेय मिळतं. फक्त जावेकडे केली तर फलक आणि शाळा फुकट गेली असं दिसेल, आणि तेही खरं नाही. ती बाई आधी ऐकत गेली, शेवटी आली. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

“दोन ओळी करूया,” मी म्हटलं. “पहिल्यांदा कुठे ऐकलं, ती एक. आज कोणाबरोबर आलात, ती दुसरी.”

“आणि मुलगा?”

“तो मधला. त्याला जागा ठेवते.”

नवी चिठ्ठी तीन ओळींची झाली. सोमवारी सकाळी रांग लागायच्या आत तिच्या प्रती केंद्रात पोचवायच्या आहेत, आणि तशाच पेडण्यालाही.